एका शिंगाचा खुलासा

ग्रामपंचायतीनं माझ्याकडून लेखी खुलासा मागितला, त्याला आता वर्ष झालं. मी दिला नाही. ग्रामसेवक दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, "गयाबाई, दोन ओळी लिहून द्या, चूक झाली म्हणा, फाईल बंद करून टाकू." मी म्हटलं, साहेब, दोन ओळींत ते बसत नाही आणि चूक तर झालेलीच नाही. आता या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, तुमच्या प्राणिसेवेचे अनुभव लिहा. सेवा-बिवा मला कळत नाही. पण पानं मिळतायत तर खुलासा इथंच करते. अर्जावर ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या त्यांनी वाचावा. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून वाचावा.

अर्जाची भाषा अशी: "सदर महिला ही डॉक्टर नसताना गावातील जनावरांवर उपचार करते, भटकी कुत्री गोळा करते, तसेच पोळ्याच्या दिवशी व्यंग असलेले जनावर तोरणाखाली नेऊन तिने गावाची प्रथा मोडली आहे. तरी तिला समज देण्यात यावी." खाली अकरा सह्या.

मी डॉक्टर नाही, हे खरं. जाफराबाद तालुक्यातल्या एका ढोरांच्या दवाखान्यात मी चोवीस वर्षं परिचर होते. आमचे मालक, म्हणजे नवरा, आधी त्याच जागेवर होते. ते अचानक गेले आणि अनुकंपावर मला घेतलं. सातवी पास, अंगानं काटकुळी, आयुष्यात कधी बैलाचा कासरा हातात धरलेला नाही. आमच्या वाड्यात बैल होतेच किती? धम्म घेऊन आमच्या लोकांनी पुस्तकं धरली, पोरं शिकवली. बैल धरायचं माझ्या एकटीच्या नशिबी आलं.

पहिल्याच दिवशी एक दांडगा बैल खोड्यात उभा होता. खोडा म्हणजे लोखंडी नळ्यांची चौकट, त्यात जनावर उभं केलं की त्याला वळता येत नाही. बैलाचा धनी मला पाहून डॉक्टरांना म्हणाला, "सायेब, या बाईला कशाला उभं केलं? त्यानं मान झटकली तर ही उडून भोकरदनला पडंल." सगळे खो-खो हसले. मी बैलाच्या नाकात दोन बोटं घालून धरलं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवायला लागले. घरी शेळी होती, तिला तसंच आवडायचं, म्हणून केलं. बैलानं डोळे मिटले. सुई कधी टोचली ते त्यालाही कळलं नाही. धन्याला म्हटलं, "आता हळू हसा, त्याची झोपमोड होईल."

परिचराचं काम सांगते, कारण लोकांना वाटतं झाडू मारणं. डॉक्टर तपासतो, लिहितो. जनावर धरणं, पाडणं, जखम धुणं, किडे काढणं, पट्टी बांधणं हे सगळं परिचराच्या हातचं. बैल पाडायचा म्हणजे ढकलायचा नाही. लांब दोर घ्यायचा, एक फास मानेला, मग एक वेढा छातीला, एक वेढा पोटाला, आणि मागून सरळ ओढत राहायचं. जनावर आपसूक गुडघे टेकतं. जखमेत किडे पडले असतील तर सीताफळाचा पाला वाटून भरायचा, किडे आपण होऊन बाहेर येतात. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, हातानं शिकवलं.

आणि त्याच हातानं एकदा घात केला. तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

उन्हाळा होता. डॉक्टरांकडे दुसऱ्या दवाखान्याचाही भार होता, त्या दिवशी ते तिकडे गेलेले. एक म्हातारा पाच कोस चालत बैल घेऊन आला. बैलाच्या एका नाकपुडीतून रक्त ठिबकत होतं आणि तो सारखं डोकं झटकत होता. मी पाहिलं न पाहिलं केलं. म्हटलं, "बाबा, ऊन लागलंय. घोळणा फुटला. रोज दुपारी डोक्यावर गार पाणी टाका, सावलीला बांधा." माणसाचा घोळणा फुटतो तेव्हा आपण हेच करतो ना? म्हातारा हात जोडून गेला. चार महिन्यांनी तो बाजारात भेटला, एकटाच. बैलाचं शिंग आतून सडून गळून पडलं होतं. शिंगाचा कॅन्सर. डॉक्टरांकडे गेला तोवर रोग डोक्यात उतरला होता. मी विचारलं, "बाबा, मंग?" तो म्हणाला, "गेला ना बाई. तुमी सांगितल्यावानी पाणी टाकलं मी. एक दिस खाडा केला न्हाई."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याच्या बोलण्यात तक्रारच नव्हती. विहीर लांब, भर उन्हात पाणी शेंदून त्या माणसानं रोज बैलाच्या डोक्यावर ओतलं, माझ्या शब्दाखातर. त्या दिवसापासून मी ठरवलं, ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" म्हणायचं आणि डॉक्टरांकडं पाठवायचं. आणि शिंगाचा रोग एवढा शिकून घ्यायचा की पुन्हा माझ्या नजरेतून एकही सुटू नये.

रिटायर झाले तेव्हा सुनेनं सांगितलं, आता आराम करा. मी आराम केला, चार दिवस. पाचव्या दिवशी गावात बोंब उठली की पिसाळलेलं कुत्रं आलंय, त्याला डोकंच नाही. माणसं काठ्या घेऊन धावली. जाऊन बघते तर एका कुत्रीनं लोणच्याची प्लास्टिकची बरणी चाटायला तोंड घातलेलं, मुंडकं आत अडकलेलं, आणि ती भिंतींवर आपटत फिरतेय. मी तिच्यावर गोधडी टाकली, मांडीखाली दाबून धरली, आणि विळीनं बरणी कापली. डोकं बाहेर आलं तसं तिनं आधी माझ्या हाताला लागलेलं लोणचं चाटलं. काठीवाले एकेक करून पांगले. ती कुत्री माझ्या दारात राहिली, तिच्यामागं आणखी दोन आल्या. अर्जातलं "भटकी कुत्री गोळा करते" ते एवढंच. मी गोळा करत नाही. ती गोळा होतात.

मग लोक यायला लागले. एका आजीनं टोपलीखाली झाकून कोंबडी आणली, पाय मोडलेली. म्हणाली, "हिला भरती करून घे, मी संध्याकाळी डबा घेऊन येते." मी झाडूच्या दोन काड्या लावून पाय बांधला. आजी खरंच संध्याकाळी ज्वारीचे दाणे आणि माझ्यासाठी भाकरी घेऊन आली. मी कुणाला इंजेक्शन देत नाही, औषध लिहून देत नाही. जखमा धुते, धरते, बांधते, आणि बाकीच्यांना तालुक्याच्या डॉक्टर मॅडमकडं हाकलते. मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या. फोन केला की मोटारसायकलवर येतात. माझ्या जोडीला दुसरे अन्वरभाई नालबंद. बैलांच्या खुरांना नाल ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलं, बैल पाडण्यात त्यांच्याएवढा हात कुणाचा नाही. आता नाल ठोकायला कमी लोक येतात, म्हणून माझ्या हाकेला लगेच येतात.

आता मुद्द्यावर येते. रंगनाथदादाच्या पाखऱ्यावर.

रंगनाथदादाचं घर आमच्या गावातलं जुनं जमीनवालं घर. स्वभावानं भिडस्त माणूस, कुणाला मोडता घालवत नाही. सोन्या आणि पाखऱ्या ही त्याची जोडी. गेल्या साली आषाढात हापशावर मी पाणी भरत होते, तो कोळपणीवरून बैल घेऊन पाण्यावर आला. पाखऱ्या मान एका अंगाला वाकडी धरून चालत होता. थांबला की उजवं शिंग कडुलिंबाच्या बुंध्याला घासायचा.

मी म्हटलं, "दादा, हा मान का वाकडी धरतोय?"

"काय न्हाई हो, जू लागलं असंल. चार दिसापास्नं असंच करून राह्यला. काल नाकातून थोडं रगत आल्तं. घोळणा फुटला असंल."

तो शब्द ऐकला आणि माझी घागर तिथंच राहिली. मी पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, पोळी खाजवली आणि बोटाच्या पेरानं आधी डावं शिंग वाजवलं. टणटण. मग उजवं वाजवलं. धप्प. निरोगी शिंग आतून पोकळ असतं, ते वाजतं. आत रोगाचं मांस वाढलं की आवाज बसतो. अन्वरभाईंना बोलावलं, त्यांनीही वाजवलं. म्हणाले, "बाई, ये सिंग गया. जल्दी करो." मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या, त्यांनीही तेच सांगितलं. शिंग मुळापासून कापायचं. आता कापलं तर बैल वाचेल, महिनाभर थांबलं तर सांगता येत नाही.

रंगनाथदादानं पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "कापलं तर तो तोरणाखाली कसा जाईल?"

बाहेरच्या माणसाला यातली अडचण कळणार नाही. आमच्या गावची रीत अशी की पोळ्याला वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखालून सगळ्या जोड्या मारुतीपुढं जातात आणि तिथं मंगलाष्टकं होतात. पण ज्याला व्यंग आहे, डोळा गेलेला, शेपूट तुटलेलं, शिंग मोडलेलं, ते जनावर त्या दिवशी गोठ्यातच राहतं. आणि जे तोरणाखाली गेलं नाही ते पुढच्या सालाला दावणीला ठेवत नाहीत. घराला वंगाळ म्हणतात. दिवाळीच्या आत बाजाराला. आता एका शिंगाचा बैल औताला कोण विकत घेणार? त्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं, आणि तिथून जनावर परत येत नाही. म्हणजे शिंग ठेवलं तर पाखऱ्या रोगानं जाणार आणि कापलं तर प्रथेनं जाणार.

माझ्या डोळ्यांपुढं तो पाणी ओतणारा म्हातारा उभा राहिला. मी बोलून गेले, "दादा, तुमी शिंग कापू द्या. तोरणाखालून मी नेते त्याला."

"तुमी? तुमी कशा नेणार, गयाबाई?"

त्या "तुमी"त काय काय होतं ते मला कळलं. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातली माणसं पोळा बघायला वेशीच्या बाहेरच्या अंगाला उभी राहायची. एखाद्याकडं बैल असलाच तर तो सगळ्या गावाचे गेल्यावर, अंधार पडता पडता. आता तसं कुणी म्हणत नाही. पण तोरणाखालून आमच्यातली बाई बैल घेऊन गेली, असंही कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "कशी म्हंजे? चालत. माझे पाय धड आहेत." रंगनाथदादानं पाखऱ्याकडं बघितलं आणि होकाराची मान हलवली.

अन्वरभाईंनी बैल पाडला. मॅडमनी डोळ्याच्या वरच्या अंगाला बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि तारेच्या करवतीनं शिंग कापलं. मी डोकं मांडीवर धरून बसले होते. शिंग निघालं, त्याच्या आत फुलकोबीसारखी गाठ. रंगनाथदादा तिकडं तोंड करून उभा होता. मी त्याला हाक मारून ती बघायला लावली. बघितली नसती तर पुढं कधीतरी म्हणाला असता की उगाच कापलं.

शिंग कापलं की डोक्याला भोक पडतं, आणि ते भोक आतून नाकाच्या वाटेला जोडलेलं असतं. जखमेवर जाळीची पट्टी ठेवली की बैलाच्या श्वासानं ती खालीवर होते. पहिल्यांदा पाहिलं तर माणूस घाबरतो. मला ते बघायला आवडायचं. पट्टी हलतेय म्हणजे पाखऱ्या आहे. पावसाळ्याचे दिवस, माशांचा काळ, रोज सकाळी जाऊन धुवायचं, कडुलिंबाचं तेल लावायचं, नवी पट्टी. सात आठवडे मी एक दिवस खाडा केला नाही. तो शब्द मी उगाच वापरत नाहीये.

रोज गेले की शोभावहिनी, म्हणजे रंगनाथदादाची बायको, गोठ्यात चहा आणून द्यायच्या. पोळ्याची पुरणपोळीसुद्धा त्या घरून मला दरवर्षी मिळायची, ती पण गोठ्यातच, डब्यात घालून. इतकी वर्षं त्या घरची जनावरं धरली, पण घराचा उंबरठा मी ओलांडला नव्हता. कुणी अडवलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. मी पण बरी होते, डबा घ्यायचे आणि निघायचे.

पोळ्याच्या आधी मी घरोघर फिरले. आपल्याकडं पोळ्याला शिंगं वाकसानं तासून गुळगुळीत करतात, त्याला शिंगं साळणं म्हणतात, आणि वरून डबाभर ऑइल पेंट. मॅडम म्हणाल्या होत्या, रोग नेमका कशानं होतो ते कुणी पक्कं सांगत नाही, पण दरवर्षी शिंग खोल तासणं आणि रंग चोपडणं चांगलं नाही. मी लोकांना म्हटलं, साळू नका, गेरू लावा, फुलं बांधा. तर त्यांना वाटलं मी सणाला नाव ठेवतेय. एक जण म्हणाला, "तू आमाला पोळा शिकवून राह्यली का?" मी म्हटलं, "पोळा न्हाई, शिंग शिकवून राह्यले."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळण असते. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मी पट्टी बदलायला गेले तेव्हा रंगनाथदादा सोन्याचे खांदे मळत होता. सोन्याला आवतन दिलं आणि हात धुवायला निघाला. पाखऱ्या तिथंच, मान पुढं करून उभा.

मी म्हटलं, "दादा, दुसरा राह्यला."

तो खाली बघून म्हणाला, "उद्या काय होतंय ते बघू आधी."

माझं डोकं असं तापलं! मी वाटीतलं लोणी उचललं, पाखऱ्याचे दोन्ही खांदे मळले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्याला आवतन दिलं. शोभावहिनी दारातून बघत होत्या. त्यांनी लोण्याची वाटी पुन्हा भरून आणून ठेवली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी गेले तर रंगनाथदादानं नवंच काढलेलं. शेतातल्या पाइपाचा तुकडा तापवून वाकवलेला, आत चिंध्या कोंबलेल्या, वर लाल रंग. खोटं शिंग! बाशिंगाच्या दोरीनं बांधायचं म्हणे. मी म्हटलं, "हे कुठं बसवणार? जी जखम मी सात आठवडे भरून काढली, तिच्यावर?"

"मंग लोक काय म्हणतील, गयाबाई?"

अन्वरभाई कौतुकानं तो पाइप फिरवून बघत होते. म्हणाले, "भाई, बैल है के पानी की मोटर?" रंगनाथदादालाही हसू आलं. पाइप कुडाला टेकून ठेवला. पाखऱ्याच्या अंगावर झूल घातली, गळ्यात घुंगरमाळ, डाव्या शिंगाला गोंडा आणि उजव्या जागेवर काहीच नाही. झाकायचं नाही, हे मी बजावलं होतं.

वेशीवर सगळं गाव जमलेलं. पोळ्याचा मान विठ्ठलरावांकडं, रंगनाथदादाचे चुलते. तोरणाच्या खांबाशी काठी धरून उभे होते. आमची जोडी पुढं सरकली आणि त्यांनी काठी आडवी केली. "थांब, रंगनाथ. सोन्याला ने. त्याला माघारी फिरव. व्यंगाचं जनावर न्हाई जात."

हलगी थांबली. रंगनाथदादानं माझ्याकडं पाहिलं, चुलत्याकडं पाहिलं आणि पाखऱ्याचा कासरा हातातून सोडला. मी त्याला दोष देत नाही. देते, थोडा देते. कासरा खाली पडायच्या आत मी धरला.

"विठ्ठलराव," मी म्हटलं, "तुमचा गुडघा कुठला हो?"

"काय?"

"गुडघा. जालन्याला जाऊन जुना कापून नवा बसवून आणला ना? तरी तुमी तोरणाखालीच उभे. का तुमाला बी दिवाळीच्या आत बाजार दाखवायचा?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. विठ्ठलराव लालबुंद झाले. "माणसाची अन् जनावराची बराबरी करून राह्यली का तू?"

"बिलकुल न्हाई. तुमी पट्टी बदलताना नर्सबाईवर किती ओरडले ते शोभावहिनीनं सांगितलंय मला. यानं सात आठवड्यांत एक लाथ मारली न्हाई. बराबरी कशी होईल?"

आता हसू आवरेना लोकांना. काठी मात्र आडवीच होती. मी पाखऱ्याची पोळी खाजवली आणि म्हटलं, चल. तो चालला. मी थांबले असते तर तोही थांबला असता, म्हणून मी थांबले नाही. काठी छातीशी आली तेव्हा विठ्ठलरावांनी ती वर उचलली. एका बाईला आणि बैलाला भर पोळ्यात काठीनं अडवलं असं त्यांना होऊ द्यायचं नव्हतं, की एवढा मोठा बैल अंगावर येताना बघून उचलली, ते त्यांनाच ठाऊक.

तोरणाची पानं पाखऱ्याच्या कपाळाला लागली, मग माझ्या डोक्याला. मला आनंद झाला. खूप झाला. रडू आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण एका हातात कासरा होता आणि दुसरा पोळीवर. मारुतीपुढं मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, त्यातल्या काही माझ्याही डोक्यावर पडल्या.

आठ दिवसांनी अर्ज झाला. ग्रामसेवकांनी तो मला वाचायला दिला. पहिली सही विठ्ठलरावांची, ती मला अपेक्षितच होती. खाली बघत गेले. नववी सही रंगनाथदादाची.

मी अर्ज परत दिला आणि घरी येऊन दार लावून बसले. पाखऱ्या विकला नाही त्यानं, हे खरं. दावणीला ठेवला, जखम कोरडी झाल्यावर औतालाही जुंपला. पण चुलत्यानं कागद पुढं केला तेव्हा सही करून मोकळा झाला. मला त्या काठीचं काही वाटलं नव्हतं, या सहीचं वाटलं. माझ्याच हातानं वाचवलेल्या बैलाच्या धन्यानं लिहून द्यावं, की हिला समज द्या?

तरी जखम बघायला मी जात राहिले. रंगनाथदादाशी बोलणं बंद. तो गोठ्यात असला की मी पाखऱ्याशी मोठ्यानं बोलायचे. "पाखऱ्या, तुझ्या धन्याचं अक्षर लई झ्याक आहे बरं का. सही तर अशी ठसठशीत!" रंगनाथदादा वैरणीची पेंढी उचलून बाहेर जायचा. वर्षभर असंच चाललं. शोभावहिनींचा चहा मात्र सुरू होता.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी अंगणात पट्ट्या उकळत होते. दारातल्या कुत्र्या भुंकल्या. बघते तर रंगनाथदादा. आमच्या वाड्यात तो पहिल्यांदाच आलेला. हाताला हळद-लोणी तसंच, पुसलेलं नाही. दारातच उभा राहिला. शेवटी मीच वर्षाचं मौन सोडलं.

"पाखऱ्याला आवतन दिलं का?"

"दिलं. सोन्याच्या आधी दिलं."

"मंग इथं काय काम आहे?"

त्यानं घसा खाकरला. "तुमाला द्यायचं राह्यलं होतं. लई सालापास्नं राह्यलं." आणि बैलाला म्हणतात तसंच, खाली बघून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. घरात. गोठ्यात न्हाई."

मला लगेच हो म्हणता आलं असतं. पण माझी जीभ! मी विचारलं, "अन् ती सही?"

"सकाळी जाऊन काट मारून आलो. काका बोलत न्हाईत माझ्याशी."

मी पातेल्याखालचा जाळ ओढला. म्हटलं, "येते. पण आधी पाखऱ्याचं कपाळ बघीन, मंग जेवीन."

यंदा पाखऱ्या तोरणाखालून गेला तेव्हा कासरा रंगनाथदादाच्या हातात होता. मी बाजूनं चालत होते. विठ्ठलराव तोंड फिरवून उभे राहिले, काठी खालीच होती. त्यांच्या बैलांची शिंगं यंदाही साळलेली. गर्दीत जाता जाता मी चारही वाजवून बघितली. टणटण वाजली. बरं वाटलं.

मग रंगनाथदादाच्या घरी गेले. सवयीनं पाय गोठ्याकडं वळले. शिंगाच्या जागी कातडं पक्कं धरलं होतं, बोट दाबलं तरी पाखऱ्या हलला नाही. तेवढ्यात घरातून शोभावहिनींचा आवाज आला, "अवो, तिकडं काय करून राह्यल्या? पान वाढलंय." मी हात धुतले आणि उंबरठा ओलांडून आत गेले. मधल्या घरात पाट मांडला होता. पुरणपोळी गरम होती. डब्यातली मी वर्षानुवर्षं थंड खाल्ली होती, म्हणून हे लिहितेय.

हा माझा खुलासा. अर्जावर आता दहा सह्या उरल्यात. त्या दहा जणांना एवढंच सांगते, आज घरी गेल्यावर आपापल्या बैलांची शिंगं बोटानं वाजवून बघा. धप्प वाजलं तर घोळणा फुटलाय म्हणून बसून राहू नका, पाणी ओतत राहू नका. माझं घर तुम्हाला ठाऊक आहे. दारात तीन कुत्र्या असतात, त्या चावत नाहीत. मी डॉक्टर नाही, ते तुम्ही अर्जात बरोबर लिहिलंय. बैल घेऊन या.